बेसिनखालचं पाणी

शिंपीणकाकूंनी त्या दिवशी एका शर्टाला खिसा उलटा लावला. तोंड खाली, बूड वर. गिऱ्हाईक हसत सुटलं. म्हणालं, "काकू, यात ठेवायचं काय?" एरवी काकूंनी स्वतःची भरपूर थट्टा करून घेतली असती. त्या दिवशी त्यांनी शर्ट मुकाट्याने ओढून घेतला, टाके उसवायला बसल्या आणि उसवता उसवता कापडच फाडलं.

तशा काकू मूळच्याच घाबरट. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. कुत्र्याला घाबरायच्या, विजेला घाबरायच्या, फोन वाजला तर घाबरायच्या आणि बराच वेळ वाजला नाही तर त्याहून जास्त घाबरायच्या. लिफ्टमध्ये शिरताना देवाचं नाव घ्यायच्या आणि बाहेर आल्यावर त्याचे आभार मानायच्या. देवालासुद्धा कधीकधी वाटत असेल, की बाई, जिन्याने जा. पण इतकी वर्षं हे सगळं चालून गेलं, कारण घरात न घाबरणारं माणूस होतं. काका नळवाले. भिंत फोडून पाण्याचा फवारा छतापर्यंत उडाला तरी हे ओल्या अंगाने शांतपणे विचारणार, "जरा पाना देता का?" काकू भ्यायच्या आणि काका त्यांना हसायचे, अशी त्या संसाराची वाटणी होती.

आता काका भ्यायले होते. शर्टाचा खिसा उलटा लागला होता तो त्यामुळेच.

झालं होतं असं, की जिना चढताना काकांना धाप लागायला लागली. आधी त्यांनी वयावर ढकललं, मग जिन्यावर ढकललं. शेवटी काकूंनी रडून-भांडून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हृदयातली एक झडप गळते आहे, बदलावी लागेल.

"वॉशर गेला म्हणा की," काका म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना असा रोगी आवडला असावा, कारण मग ते काकांच्याच भाषेत समजावून सांगू लागले. हृदय चालू असताना झडप बदलता येत नाही. त्यामुळे ते थोडा वेळ थांबवायचं. तेवढ्या वेळात रक्त फिरवायचं काम बाहेरचं मशिन करतं. झडप बसली की हृदय पुन्हा सुरू.

"म्हणजे मेन बंद करून काम करायचं," काका म्हणाले.

"अगदी बरोबर."

"आणि परत सोडलं आणि आलंच नाही तर?"

डॉक्टर म्हणाले, तसं सहसा होत नाही. काकूंनी 'होत नाही' ऐकलं. काकांनी 'सहसा' ऐकलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, की सहसा गळणार नाही, आणि त्याचा अर्थ काय असतो ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! घरी आल्यावर काका बूटही न काढता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तेवढा वेळ मी कुठे असणार?"

"टेबलावर," काकू म्हणाल्या.

"तसं नाही गं."

तसं नाही, हे काकूंनाही कळलं होतं. कळलं म्हणूनच त्या टेबलावर म्हणाल्या.

काका ख्रिस्ती आणि काकू हिंदू. लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. या दोघांनी मात्र पहिल्याच आठवड्यात तह करून टाकला, की देवावरून भांडायचं नाही, भांडायला बाकीचं पुष्कळ आहे. कोणी कोणाचा धर्म घ्यायचा नाही. खोलीतल्या भिंतीवर काकांनी स्वतः दोन फळ्या ठोकल्या, एका पातळीत, लेव्हल लावून. एका फळीवर क्रूस आणि मेणबत्ती, दुसरीवर काकूंचे देव आणि दिवा. भांडायचं नाही ठरलं होतं, चिडवायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

"तुझ्या फळीवर गर्दी फार," काका म्हणायचे. "एकाला हाक मारली तर दुसरा रुसत नाही का?"

"एकच आहे तो. रूपं वेगळी. आणि तुमचे ते तिघं? बाप, मुलगा आणि पवित्र आत्मा. तिघं मिळून एक. मी कधी विचारलं का, कसं काय म्हणून?"

गंमत म्हणजे ही तीन आणि एकची गोष्ट काकांना जन्मात नीट उमगली नव्हती. काकूंना ती ऐकल्याबरोबर पटली. त्यात अडचण काय आहे हेच त्यांना कळेना.

पण चिडवाचिडवी एवढ्यावरच थांबायची, आणि त्याच्या खाली जे होतं त्याला दोघंही हात लावत नसत. काकांचा देव म्हणजे बाप. त्याने जग बनवलं आणि तो जगापेक्षा वेगळा, बाजूला उभा. त्याने एकेक माणूस एकेकदाच बनवलं, दुसरा नग नाही. त्याला प्रत्येकाचं नाव ठाऊक. माणसांचे हाल बघवले नाहीत म्हणून तो एकदाच माणूस होऊन आला आणि माणसासारखा मार खाऊन मेला. काकूंना हे ऐकून नेहमी गलबलून यायचं, आणि भीतीही वाटायची. एकच जन्म! त्यात काय उसवलं, काय शिवलं, तेवढ्यावर कायमचा निकाल. परत मापाला यायची सोयच नाही.

काकूंचा देव बाजूला वगैरे उभा नव्हता. तो कापडात होता, सुईत होता, गिऱ्हाइकात होता, गल्लीतल्या त्या पिवळ्या कुत्र्यातही होता, म्हणून तर कुत्र्याला दगड मारता येत नसे, नुसतं पळावं लागे. तो पुन्हा पुन्हा यायचा आणि माणसांनाही पुन्हा पुन्हा पाठवायचा. एका खेपेत जमलं नाही तर पुढच्या खेपेला. काकांना हे ऐकायला बरं वाटायचं, पण एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "इतक्या खेपांत माणूस हरवलं तर गं?" त्यावर काकूंनी मशिन सुरू केलं होतं. आवाज मोठा होता त्याचा.

कारण हरवलेलं माणूस एक होतं.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्यांना मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच आली आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेली. काकू तेव्हा औषधाच्या गुंगीत होत्या. त्यांनी तिला एकदाच पाहिलं. उजव्या कानाच्या पाळीवर मोहरीएवढा तीळ होता, तेवढा त्यांच्या लक्षात राहिला. नाव ठेवलेलं नव्हतं. काकांच्या आईला एका संतिणीचं नाव हवं होतं, काकूंच्या आईला देवीचं, आणि या दोघांनी शहाणपणा करून ठरवलं होतं, की मूल झाल्यावर बघू. काकांनी तिला आपल्या लोकांच्या दफनभूमीत नेलं. छोटासा क्रूस बसवला. त्यावर नाव नाही.

त्यानंतर काका दरवर्षी त्या दिवशी फुलं घेऊन तिकडे जात. ती देवाच्या घरी आहे आणि आपली वाट बघते आहे, यावर त्यांचा संसार टिकून होता. काकू कधी गेल्या नाहीत. त्यांच्या लेखी त्या मातीखाली कोणी नव्हतं. ती कुठेतरी परत जन्मली होती. म्हणून काकू दरवर्षी त्या दिवशी एक कपडा शिवायच्या, त्या वर्षी ती केवढी असेल त्या मापाचा. आधी झबलं, मग फ्रॉक, मग शाळेत जाणाऱ्या मुलीचा फ्रॉक, मग ड्रेस. शिवून झाला की त्या वयाची जी मुलगी समोर येईल तिला देऊन टाकायच्या. गळ्याचं माप घेताना काकू पोरींचे कान का बघतात, हे गल्लीतल्या कोणालाही माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट. लग्नाच्या आधीपासून काका त्यांना नावाने हाक मारायचे, चारचौघांत, खणखणीत. मुलगी गेली आणि नाव बंद झालं. मग नुसतं 'अगं' आणि 'ऐकतेस का'. काकूंनी त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला होता, की मूल आपल्याला सांभाळता आलं नाही म्हणून यांच्या मनातून आपण उतरलो. विचारायची हिंमत झाली नाही. घाबरट बाई, विचारणार कशी?

ऑपरेशनचा दिवस ठरला आणि काकांची झोप उडाली, जेवण तुटलं. एका संध्याकाळी काकू दिवा लावत होत्या. काका मागे येऊन उभे राहिले.

"एक मागू?"

"चहा?"

"तू बाप्तिस्मा घे."

काकूंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. तह मोडला होता, आणि तो कधी मोडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मी जोर करत नाही," काका घाईघाईने म्हणाले. "पण बघ. समजा मी परत आलो नाही. मी तिकडे जाणार. पोरगी तिकडे आहे. आम्ही दोघं तुझी वाट बघणार. आणि तू? तू तुझ्या वाटेने कुठेतरी भलतीकडे जन्म घेणार. कोणाची तरी पोर होणार, कोणाची तरी बायको होणार. मला ओळखणारसुद्धा नाहीस. मला त्या मशिनची भीती नाही वाटत गं. ह्याची वाटते." त्यांचा आवाज चिरकला.

काकूंनी त्यांना धरून बसवलं, पाठीवरून हात फिरवला, पण हो म्हणवेना. त्यांचं धाबंच दणाणलं होतं. हो म्हणावं तर पोरगी मेलीच. इतकी वर्षं कोणाच्या तरी घरात वाढत असलेली, हसणारी, कपड्यांची मापं वाढवत जाणारी ती पोरगी एका शब्दात मरणार, आणि तीही आईच्या तोंडून. नाही म्हणावं तर हा माणूस असा घाबरलेला आत जाणार. आणि देवांशी खोटं बोलावं, तर दोन्ही फळ्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून त्या एकट्याच चर्चमध्ये गेल्या. तिथले फादर वयाने लहान होते, चष्मा सारखा नाकावर ढकलणारे. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. फक्त कपड्यांचं सांगितलं नाही.

"फादर, ती तुमच्याकडे असेल तर केवढी असेल? जेवढी गेली तेवढीच, की वाढली असेल?"

फादरनी चष्मा ढकलला. "खरं सांगू? माहीत नाही. अशा लेकरांना आम्ही देवाच्या दयेवर सोपवतो. तो बाप आहे, एवढं माहीत आहे."

"आणि मी बाप्तिस्मा घेतला तर यांची भीती जाईल का?"

"त्यांची जाईलही. तुमची?"

काकू पिशवी उचलून उठायला लागल्या.

"भीतीपोटी घेऊ नका, काकू. देवाला तसं नको असतं. घाई तर मुळीच नाही. अगदी जीव जायची वेळ आली आणि मी पोहोचलो नाही, तर कोणीही साध्या पाण्याने देऊ शकतं, इतकं ते सोपं ठेवलंय." फादरनी हे धीर द्यायला सांगितलं. काकूंनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घट्ट धरून घरी आणलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काका हिरवा गाऊन घालून खाटेवर बसले होते. वॉर्डात दुसरं कोणी नव्हतं. कोपऱ्यात एक पांढरं बेसिन होतं आणि त्याचा नळ थेंब थेंब गळत होता. एरवी काकांनी उठून तो आधी घट्ट केला असता. आज त्यांची पाठ मुद्दाम तिकडे होती. काकू शेजारी बसल्या. घाईत निघाल्या होत्या, मापाची पट्टी गळ्यात तशीच राहिली होती.

"घेते मी," काकू म्हणाल्या.

"काय?"

"बाप्तिस्मा. आत्ताच. तुम्हीच द्या. फादर म्हणाले, वेळ आली तर कोणीही देऊ शकतं. ते बघा बेसिन, पाणी आहे." त्या बोलत होत्या आणि मनातल्या मनात पोरीची क्षमा मागत होत्या. जगात आजवर ज्याला ज्याला म्हणून त्या भ्यायल्या होत्या ते सगळं एकत्र केलं तरी त्या क्षणाएवढं झालं नसतं.

काकांचा चेहरा खुलेल असं त्यांना वाटलं होतं. काका मागे सरकले. पार उशीला टेकले.

"माझ्या हातून नको."

"का?"

"बेसिनचं नको. माझ्या हातून तर नकोच नको." आणि मग त्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी एकदा केलंय ते. वाट लावलीय मी."

काकूंना वाटलं, भीतीने यांना भ्रम झाला. पण काका बोलू लागले, तोंडावरचे हात न काढता.

"तू गुंगीत होतीस. नर्स म्हणाली, ही काही तास काढणार नाही. फादरला निरोप पाठवला, ते गावाला गेलेले. मला माहीत होतं, अशा वेळी बाप्तिस्मा आपणही देऊ शकतो. तिला घेऊन नळाकडे गेलो. नळाला पाणी नाही. टाकी धुवायला काढलेली. मी नळवाला, आणि नळाला पाणी नाही! तिचा श्वास असा अडकत होता. मी घाबरलो गं. बेसिनच्या खाली ती बाटली असते ना, तिच्यात थोडं पाणी कायम साचलेलं असतं, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. ती मी हाताने फिरवून काढली. त्यातलं पाणी ओंजळीत घेतलं."

"हात धुतलेलं पाणी?"

"साबणाचा फेस होता. एक केस होता. केस मी काढला."

काकू उठून उभ्या राहिल्या. "पोरीच्या डोक्यावर मोरीचं पाणी घातलंस तू?" सगळ्या संसारात नवऱ्याला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं. "हॉस्पिटलात दुसरं पाणी नव्हतं? कोणाकडे बाटली नव्हती? कँटीन नव्हतं?"

"होतं. खालीच होतं. नंतर आठवलं." काकांनी हात काढले. डोळे लाल झाले होते. "मला पाणी म्हटलं की पाइपच सुचतो. आयुष्यभर तेच केलंय मी. आणि त्याने ते धरलं असेल का, हे मला अजून माहीत नाही. फादरला विचारायची छाती झाली नाही. तो म्हणाला असता, की नाही चालत, तर? दरवर्षी फुलं घेऊन जातो आणि तिथे उभा राहून हाच विचार करतो, की तिला आत घेतलं का दारातच ठेवलं. आज मी गेलो आणि ती तिथे नसलीच, तर?"

तो गळका नळ टपटपत होता. काकूंना आधी त्या नळाचा राग आला, मग नवऱ्याचा आला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर आला एक तरणा पोरगा, गुडघ्यांवर बसलेला, एका हातात एवढंसं मूल आणि दुसऱ्या हाताने बेसिनची बाटली फिरवणारा, पाण्यातला केस काढणारा. केस काढत बसला तो, एवढ्या घाईत. राग कुठल्या कुठे गेला आणि त्या खाटेवर बसून ढसाढसा रडल्या.

"अहो," जरा वेळाने त्या म्हणाल्या, नाक पुसत, "तुमच्या देवाचं मला माहीत नाही. तो वर असतो. पण माझा त्या बाटलीत होता."

"काय?"

"माझा सगळीकडे असतो ना? मग तिथेच नसेल होय? फेसात होता, पाण्यात होता. त्या केसातसुद्धा होता, तो तुम्ही काढून टाकलात. तुमचा नाक मुरडून बसला असेल तर असू दे. माझ्याने हात लावलाय तिला."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. कोणीतरी अंगावरचं ओझं अर्धं उचलावं तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर दिसलं, पण अर्धंच.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "नाव घ्यावं लागतं. नाव घेऊन पाणी घालतात. तिचं ठरलंच नव्हतं. मला काही सुचेना. तोंडात तुझंच आलं."

"माझं?"

"तुझंच. ते नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने घातलं पाणी. मग ते नाव तिचं झालं. त्यानंतर तुला त्या नावाने हाक मारायला गेलो, की तीच समोर यायची. तोंडातून निघेचना."

इतक्या वर्षांचं 'अगं' आणि 'ऐकतेस का' काकूंच्या कानात फिरून आलं. मनातून उतरल्या नव्हत्या त्या. कधीच उतरल्या नव्हत्या.

"मी तिला बिननावाची शोधत होते," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे हे असं. चेहरे बदलतात, नावं बदलतात, एवढी गर्दी. कधीकधी इतकी भीती वाटायची, की देवाला तरी ती वेगळी आठवत असेल का? का नदीत लोटा ओतावा तशी गेली ती सगळ्यांत मिसळून?"

"माझा विसरत नाही," काका म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा ठाम झाला. "त्याच्याकडे एकेकाचं नाव असतं. ते पुसत नाहीत."

"मग झालं तर. माझं नाव तिकडे आधीच लागलंय. आता परत पाणी कशाला घालून घेऊ? उगीच गोंधळ व्हायचा."

काकांना हसू आलं आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. भीती गेली नव्हती, दोघांचीही नाही. पण आता ती दोघांनी मिळून धरली होती.

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली. काकांनी काकूंचं मनगट पकडलं. "ती तिथे असली तर मी ओळखू कशी? एवढीशी होती. आता केवढी असेल, मला काही अंदाजच नाही."

"मला आहे," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. दरवर्षीचे कपडे, झबल्यापासून सगळे. काका तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. गळ्यातली पट्टी काढून काकूंनी स्वतःच्या खांद्यावर लावून दाखवली. "खांदा माझ्यापेक्षा बोटभर रुंद, तुमच्यावर गेलाय. उंची माझ्याहून थोडी जास्त. हात लांब. उजव्या कानाच्या पाळीवर तीळ. आणि हाक मारायला नाव आहेच तुमच्याकडे."

"आणि नाही सापडली तर?"

"तर ती इकडे आहे. मी बघते. तुम्ही परत या."

त्यांना ट्रॉलीवर घेतलं. दाराशी पोचेपर्यंत काका ओठ हलवत होते. काकूंना वाटलं, प्रार्थना म्हणतायत. नीट ऐकलं तर ते मापं पाठ करत होते.

दार बंद झालं. पुढचं सांगण्यासारखं नाही. काकू एका बाकावर बसून राहिल्या. आत कुठेतरी मेन बंद झाला असेल, या एका विचारापलीकडे त्यांचं मन जाईना. आपल्या देवाचं नाव घेतलं. मग काकांच्या देवाचं घेतलं, आणि त्याला सांगितलं, की बाबा, आज तूच बघ, तुझ्याकडे नावं असतात. कोणी पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. पट्टी दोन्ही हातांत इतकी घट्ट धरली होती, की बोटांवर आकडे उमटले.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, झडप बसली, हृदय सुरू झालं, आता शुद्धीवर यायची वाट बघायची. काकूंनी त्यांचे हात धरले, आणि तरीही परत बाकावर जाऊन बसल्या. शुद्धीवर येणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. ते माणूस अजून मधेच कुठेतरी होतं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घशातली नळी काढली. थोड्या वेळाने एक तरुण नर्स बाहेर आली आणि तिने मोठ्याने एक नाव उच्चारलं. काकू दचकून उभ्या राहिल्या. उभ्या राहता राहता, जुनी सवय, त्यांची नजर नर्सच्या कानाकडे गेली. तिथे तीळबीळ काही नव्हता.

"तुमचंच का हे नाव?" नर्सने विचारलं. "काका सारखे हाक मारतायत. डोळे उघडत नाहीत, नुसतं हेच."

"हो," काकू म्हणाल्या. "आमचंच."

काकू खाटेपाशी पोचल्या. काकांच्या अंगाला ठिकठिकाणी नळ्या लावलेल्या, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. तेच नाव, लग्नाआधीसारखं, चारचौघांत. ते इथून हाक मारत होते की तिथून, हे त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. समोर कोणीतरी दिसल्यासारखे हाक मारत होते की कोणीच न दिसल्यासारखे, तेही कळत नव्हतं. काकूंना भीती वाटली, पण ते कोणाला विचारायला त्या थांबल्या नाहीत.

त्या वाकल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि दोघींच्या वतीने म्हणाल्या, "ओ."